न सोडलेली बाही : एका ज्युदो वर्गाचे परीक्षण

ज्या ज्युदो वर्गात मी गेले वीस महिने आठवड्यातून तीन दिवस जाते आहे, त्याच्या दारावरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : 'येथे लढणारे नव्हे, योद्धे घडवले जातात.' असे वाक्य या ना त्या रूपात युद्धकला शिकवणाऱ्या बहुतेक ठिकाणी आढळते आणि वाचणारा ते वाचून पुढे जातो, कारण त्यातून आपल्या पदरात नेमके काय पडणार आहे हे त्याला कळत नाही. मला मात्र ते सोडून देता आले नाही. या वर्गात येण्याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी आठ महिने शिकले होते आणि तिथून खांदा दुखावून घेऊन बाहेर पडले होते. लढणारा आणि योद्धा यांत खरोखरच काही फरक असेल, तर तो मला प्रत्यक्ष मॅटवर पाहायचा होता. म्हणून मॅट किती स्वच्छ आहे आणि सर किती अनुभवी आहेत एवढेच न सांगता, फलकावरचे ते वाक्य कितपत खरे ठरते, या प्रश्नाला धरून हे परीक्षण लिहीत आहे.

मराठीत 'लढवय्या' आणि 'योद्धा' हे दोन्ही शब्द मानाचेच आहेत. 'योद्धा' हा संस्कृत 'युध्' धातूवरून आलेला, म्हणजे मुळात त्याचाही अर्थ लढणारा एवढाच. 'लढवय्या' हा बोलण्यातला जवळचा शब्द, आणि दुर्धर आजाराशी झुंजणाऱ्या माणसालाही आपण तो मनापासून लावतो. एकाच्या जागी दुसरा घातला तरी बहुतेक वाक्ये बिघडत नाहीत. तेव्हा फलक लिहिणाऱ्याने केलेला भेद शब्दांत आयता मिळत नाही, तो शिकवण्यातून आणि वागण्यातून भरून काढावा लागतो. आज मला तो असा दिसतो : लढणाऱ्याला समोरच्याला पाडता आले म्हणजे त्याचे काम झाले, योद्ध्याला पाडता तर आलेच पाहिजे, पण पडणारा माणूस ज्या क्षणी पूर्णपणे आपल्या हातात असतो, त्या क्षणी त्याचे काय करायचे हेही त्याला आले पाहिजे. हे मत मी घरून घेऊन आले नव्हते. ते इथे, पुष्कळ वेळा पडल्यानंतर तयार झाले.

आधीच्या वर्गाविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण तुलना त्याच्याशीच आहे. तिथे मिश्र पद्धतीची झुंज शिकवत असत आणि पहिल्याच आठवड्यात नवख्यांना जुन्यांसमोर उभे केले जाई. आठव्या महिन्यात एका जोडीदाराने जमिनीवरच्या सरावात माझा हात कोपरात वाकवून पाठीमागे पिळला. मी त्याच्या पाठीवर दोनदा थाप मारली. थाप मारणे म्हणजे 'मी हरले, सोड' असे सांगणे, हे या खेळातल्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. त्याने सोडले, पण लगेच नाही. एखादा श्वास घ्यावा एवढा वेळ त्याने तो पेच आणखी पुढे नेला, आणि तेवढ्यात खांद्याच्या आत काहीतरी सरकल्याचे मला जाणवले. तीन आठवडे हात गळ्यात बांधून काढले. मी तक्रार केली तेव्हा तिथल्या प्रशिक्षकांनी सांगितले की खऱ्या लढतीत कोणी थांबत नसते. मला ते उत्तर तेव्हाही पटले नाही आणि आता तर ते सरळ चुकीचे वाटते, कारण रिंगमधल्या लढतीतसुद्धा थाप पडताच पंच मध्ये पडतो. सगळेच मिश्र झुंजीचे वर्ग असे असतात असे मी म्हणणार नाही. तो वर्ग मात्र तसा होता.

ज्युदोच्या या वर्गात आल्यावर पहिले सहा आठवडे मला कोणाला पाडायला शिकवलेच नाही. फक्त पडायला शिकवले. ज्युदोत पडण्याच्या या विद्येला 'उकेमी' म्हणतात. हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोके मागे आपटत नाही. श्वास सोडत पडायचे. आणि पाठ टेकते त्याच क्षणी तळहातापासून कोपरापर्यंतचा संपूर्ण हात, अंगापासून थोडा तिरका ठेवून, मॅटवर जोरात आपटायचा. त्याने पडण्याचा धक्का एका जागी न बसता पसरतो. माणूस घाबरला की सहजप्रेरणेने हात मागे टेकवून स्वतःला सावरू पाहतो, आणि मनगट, कोपर किंवा गळपट्टीचे हाड मोडते ते बहुधा त्यामुळेच. उकेमीत ती सवयच मोडून काढायची असते. प्रथम झोपून, मग उकिडवे बसून, मग उभ्याने, मग चालता चालता, आणि शेवटी वाकलेल्या जोडीदाराच्या पाठीवरून. पहिल्या तीन आठवड्यांत मला याचा कंटाळा आला होता, हे मान्य करते. चौथ्या आठवड्यानंतर मात्र एक गोष्ट लक्षात आली : पडण्याची भीती गेली की समोरच्याविषयीचा रागही कमी होतो. आधीच्या वर्गात मी जी आक्रमक झाले होते, ती बऱ्याच अंशी भीतीपोटी झाले होते.

सातव्या आठवड्यात सरांनी 'ओ-गोशी' शिकवायला घेतला, आणि या वर्गाविषयीचे माझे मत खऱ्या अर्थाने त्या दिवशी ठरले. हा कमरेवरून फेकण्याचा डाव आहे. आपल्या डाव्या हाताने समोरच्याची उजवी बाही कोपराजवळ धरायची, उजवा हात त्याच्या कमरेभोवती घालायचा, गुडघे वाकवून आपली कंबर त्याच्या पट्ट्याच्या खाली न्यायची आणि वळत वळत गुडघे सरळ करायचे. तो आपल्या कमरेवरून फिरून समोर येऊन पडतो. एवढे कोणीही शिकवील. सरांनी वर्गातल्या एका ज्येष्ठ विद्यार्थिनीला माझ्यावर हा डाव करायला सांगितला आणि मला म्हणाले, 'ती तुला कशी उचलते हे पाहू नकोस, तिचा डावा हात शेवटी काय करतो ते पाहा.' मी हवेत फिरले. मॅट डोळ्यांसमोर आली. आणि अगदी शेवटच्या क्षणी, म्हणजे मी खाली जात असताना, तिचा डावा हात वर गेला. तिने माझी बाही सोडली नव्हती. ती वर ओढली होती. त्यामुळे माझा उजवा खांदा उचललेला राहिला, डोके मॅटपासून लांब राहिले आणि डावा हात आपटायला मोकळा मिळाला. मी दणकन पडले, आवाजही मोठा झाला, पण दुखले कुठेच नाही. तिची मूठ माझ्या बाहीवर अजून घट्ट होती. ती थोडी वाकून, दोन्ही पाय रोवून उभी होती, तोल तिचा होता, आणि मी पूर्णपणे तिच्या ताब्यात होते.

बाही न सोडण्यात केवळ सौजन्य असते असे नाही, आणि हे सरांनी त्याच दिवशी स्पष्ट केले. बाही हातात ठेवणाऱ्याचा तोल टिकतो आणि पडलेल्याचा हातही त्याच्याच ताब्यात राहतो; तिथून तो क्षणार्धात जमिनीवरची पकड घेऊ शकतो. सोडणारा बहुधा स्वतःच धडपडतो. स्पर्धेत पूर्ण गुणासाठी, म्हणजे 'इप्पोन'साठी, जोर आणि वेग यांच्याबरोबर ताबाही पाहिला जातो. म्हणजे ज्या हालचालीने जोडीदाराची मान वाचते, त्याच हालचालीने डाव पुरा होतो. लढणारा आणि योद्धा यांच्यातला भेद इतक्या लहान जागेत, एका मुठीत, दिसू शकतो असे मला कधी वाटले नव्हते.

यामागचा विचार या वर्गाने शोधलेला नाही; तो ज्युदोच्या मुळाशीच आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एइशो-जी या मंदिराच्या आवारात बारा चटयांच्या जागेत 'कोदोकान' सुरू केले आणि पहिल्या वर्षी त्यांच्याकडे अवघे नऊ विद्यार्थी होते. त्या वेळी ते विशीतले तरुण होते आणि व्यवसायाने शिक्षक. जुजुत्सू या जपानी झुंजविद्येच्या जुन्या शाळांतले मर्मावरचे आघात आणि जीवघेणे पेच त्यांनी 'काता'मध्ये, म्हणजे आधी ठरवून केलेल्या सरावात ठेवले आणि जे डाव पूर्ण ताकदीने करूनही जोडीदार धडधाकट राहू शकतो, तेवढेच 'रांदोरी' या मोकळ्या सरावासाठी घेतले. वरवर पाहता या निवडीने कला सौम्य झाली असे वाटेल. प्रत्यक्षात परिणाम उलटा झाला. जो डाव धोक्यामुळे कधी पूर्ण जोराने करताच येत नाही, तो खरा जमतो की नाही हे कोणालाच कळत नाही. आणि जो डाव विरोध करणाऱ्या जिवंत माणसावर रोज वीस-तीस वेळा करून पाहता येतो, तो अंगात मुरतो. पुढे कानोंनी आपल्या विचाराला दोन सूत्रांचे रूप दिले : 'सेर्योकु झेन्यो', म्हणजे शक्तीचा उत्तम विनियोग, आणि 'जिता क्योएई', म्हणजे आपले आणि दुसऱ्याचे भले एकत्र साधणे. ही सूत्रे वर्गाच्या भिंतीवरही लावलेली आहेत. दुसरे सूत्र मला सुभाषितासारखे वाटत असे. रोज त्याच जोडीदाराबरोबर सराव करायचा असेल तर तो उद्याही चालत आला पाहिजे, ही त्यातली व्यवहाराची बाजू नंतर कळली.

या ठिकाणी एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. योद्ध्याच्या नावाखाली लढणेच टाळणारे वर्गही असतात, आणि ते मला तितकेच अपुरे वाटतात. शिस्त, नम्रता, श्वास आणि ध्यान यांविषयी तास-दीड तास बोलायचे, हवेत सुंदर हालचाली करायच्या आणि विरोध करणाऱ्या माणसाला कधी हातही लावायचा नाही, यातून तयार झालेला संयम तपासलेलाच नसतो. ज्याला पाडताच येत नाही त्याने दया दाखवली असे म्हणण्याला अर्थ नाही. या वर्गाचे मोठे बलस्थान हे की इथे प्रत्येक सत्रात निदान अर्धा तास रांदोरी होते आणि ती खरी होते. घामाने गी, म्हणजे सरावाचा जाड कापडी पोशाख, अंगाला चिकटतो, पकडीने बोटे आखडतात, आणि तुमच्यापेक्षा वीस किलोने जड माणूस तुमचा प्रत्येक डाव अडवतो. लढणारा होणे ही योद्धा होण्याच्या वाटेवरची पायरी आहे, आणि ती गाळून वर जाता येत नाही.

रांदोरीत जोड्या लावण्याची पद्धत विशेष उल्लेख करण्यासारखी आहे. वर्गात एक उंच, चपळ तरुण आहे. तो जवळजवळ सगळ्यांना पाडतो. नवख्यांबरोबर सराव करताना सरांनी त्याला फक्त डाव्या बाजूने डाव करण्याची मुभा दिली आहे, आणि स्वतःहून पडण्याची मनाई केली आहे. हे दुसरे बंधन मला फार शहाणपणाचे वाटते, कारण मुद्दाम हरणारा जोडीदार नवख्याला फसवतो. पहिल्या बंधनामुळे त्याला स्वतःला शिकायला मिळते आणि समोरच्यालाही संधी राहते. त्याने मला आजवर किती वेळा पाडले याची गणती नाही, पण त्याच्या हातून पडताना मला कधीही भीती वाटलेली नाही. उलट वर्गातल्या दुसऱ्या एका, त्याच्यापेक्षा पुष्कळ कच्च्या, सहकाऱ्याबरोबर उभे राहायला मी अजूनही कचरते, कारण त्याला डाव जमत नाही असे दिसले की तो जोर वाढवतो. दोघांच्या ताकदीत फारसे अंतर नाही.

विजयाच्या क्षणी माणूस काय करतो याचे सर नेहमी एक उदाहरण देतात, आणि ते इतके चपखल आहे की इथे देते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा पहिल्यांदा समावेश झाला. खुल्या वजनगटाच्या अंतिम लढतीत नेदरलँड्सच्या अँटन गीसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला 'केसा-गातामे' या पकडीत मॅटवर दाबून ठेवले आणि जपानच्या खेळात, जपानच्याच राजधानीत, सुवर्णपदक जिंकले. त्याचे देशबांधव आनंदाने मॅटकडे धावले. गीसिंकने हात वर करून त्यांना थांबवले, मगच उठून, कपडे नीट करून, प्रतिस्पर्ध्याला अभिवादन केले. तोपर्यंत लढत संपलेली नाही, असे त्याने मानले. आमच्या वर्गातही हारजीत झाल्यावर दोघांनी आपापल्या जागी परत जाऊन, पट्टा सारखा करून, वाकून नमस्कार केल्याशिवाय कोणी टाळी वाजवत नाही. सुरुवातीला मला हा निव्वळ उपचार वाटला होता. आता त्या अर्ध्या मिनिटाची गरज कळते : श्वास खाली येतो, आणि नुकतेच ज्याने आपल्याला पाडले त्याच्या डोळ्यांत पाहावे लागते.

थाप देण्याविषयीचा या वर्गाचा नियम माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. मॅटवर, जोडीदाराच्या अंगावर किंवा तोंडाने, कशाही प्रकारे थाप मिळाली की पकड त्याच क्षणी सुटली पाहिजे; उशीर झाला तर त्या दिवसापुरता सराव बंद. वीस महिन्यांत ही शिक्षा मी दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा ती वरच्या पट्ट्याच्या विद्यार्थ्यांना झाली. त्याचबरोबर थाप न देणाऱ्यालाही सर तितकेच बोलतात. माझा खांदा ज्या पेचाने दुखावला, त्याला ज्युदोत 'उदे-गारामी' म्हणतात. आधीच्या वर्गात त्याला 'किमुरा' म्हणत. ते नाव मासाहिको किमुरा या जपानी ज्युदोपटूवरून पडले आहे. १९५१ मध्ये रिओ दि जानेरोच्या माराकाना मैदानात त्याने ब्राझीलच्या एलिओ ग्रेसीवर हा पेच लावला. ग्रेसीचा हात मोडला तरी त्याने थाप दिली नाही, आणि शेवटी त्याच्या बाजूने टॉवेल टाकला गेला, म्हणजे हार मान्य केली गेली. ग्रेसीच्या जिद्दीविषयी मला आदर आहे, आणि एवढ्या मोठ्या जमावासमोर, एवढ्या थोराशी झुंजताना माणसाला काय वाटत असेल हे मी समजू शकते. तरीही सरावाच्या खोलीत ती गोष्ट आदर्श म्हणून सांगितली जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. थाप न देणारा आपल्या जोडीदारावर एक फार वाईट निवड लादतो : एक तर सोडून दे, नाही तर मोड. थाप देणे हाही सहकाऱ्यावरचा विश्वास आहे, आणि तो विश्वास दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो.

आता उणिवा. मॅटच्या दोन ओळींमध्ये एक फट पडते आणि सत्र सुरू असताना ती रुंदावत जाते; माझ्या पायाचे बोट तिथे दोनदा अडकले आहे. ज्या वर्गात पडणे हाच धडा आहे, तिथे हे चालवून घेता कामा नये. काता जवळजवळ शिकवलीच जात नाही, परीक्षेआधी घाईने उरकली जाते, आणि त्यामुळे डावांमागचा क्रम नव्या विद्यार्थ्यांना उमगत नाही. स्त्रियांची संख्या कमी असल्याने समान वजनाची जोडीदार मिळणे अवघड जाते. सर त्यावर लक्ष ठेवतात, पण उपाय अजून सापडलेला नाही.

सरांच्या भाषणांविषयीही लिहिले पाहिजे. सत्राच्या शेवटी ते सामुराईंच्या शौर्याविषयी आणि निष्ठेविषयी बरेच बोलतात, आणि ते इतक्या तन्मयतेने बोलतात की लहान मुले भारावून जातात. मला मात्र वाटते की योद्ध्याची कल्पना तिथून उचलणे हे ज्युदोवर अन्याय करणारे आहे. जपान सरकारने १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी घातली तेव्हा सामुराई वर्गाचे दिवस भरले होते, आणि कोदोकान त्यानंतर सहा वर्षांनी निघाले. कानोंचे घराणे तलवारबहाद्दरांचे नव्हते, साके मद्य गाळण्याच्या व्यवसायातले होते. लढायला रणांगण उरलेले नसताना, धन्याच्या आज्ञेसाठी मरण्या-मारण्याची अट काढून टाकून, एका शिक्षकाने युद्धविद्येतले जे जपण्यासारखे होते ते शाळेतल्या मुलांना देता येईल अशा रूपात आणले. मला हीच गोष्ट जास्त प्रेरणादायी वाटते. सर ती एकदा तरी सविस्तर सांगतील तर फार बरे होईल.

सर्वांत गंभीर उणीव स्पर्धेच्या दिवसांत दिसते. स्पर्धेआधीच्या दोन महिन्यांत वर्गाचे वातावरण बदलते. मुलांच्या बॅचला पालक बाकांवर बसून 'पाड त्याला, सोडू नकोस' असे ओरडतात आणि त्यांना कोणी थांबवत नाही. निवड झालेल्यांना रांदोरीत जास्त वेळ मिळतो, आणि नवखे त्यांच्यासाठी केवळ पडण्यापुरते उरतात. गेल्या खेपेला निवड झालेल्या एका मुलाने तीन महिन्यांपूर्वीच आलेल्या एका विद्यार्थ्याला 'सेओई-नागे'ने खांद्यावरून फेकले आणि मध्येच बाही सोडून दिली. तो नवखा तिरका पडला, त्याचा श्वास अडकला, आणि तो बराच वेळ पोट धरून बसून राहिला. सरांनी ते पाहिले होते. ते मुलाला म्हणाले, 'वेग चांगला आहे.' बस्स, एवढेच. त्या संध्याकाळी मला फलकावरचे वाक्य पुसून टाकावेसे वाटले.

मी सत्र संपल्यावर सरांशी बोलले. त्यांनी आधी स्पर्धेची कारणे सांगितली, मग गप्प झाले. दुसऱ्या सत्रात सगळ्यांना ओळीत बसवून त्यांनी सांगितले की काल चूक त्या मुलाची जितकी होती त्याहून जास्त आपली होती, आणि त्या नवख्याची सर्वांसमोर क्षमा मागितली. नंतर त्यांनी स्वतः जोडीदार होऊन त्या मुलाकडून तोच डाव तीस वेळा करून घेतला आणि प्रत्येक वेळी पडल्यावर त्याची मूठ आपल्या बाहीवर आहे की नाही ते दाखवले. सरांचे वय पाहता तीस वेळा पडणे ही साधी गोष्ट नव्हे. एखाद्या वर्गाविषयी मत बनवताना चूक झाली की नाही यापेक्षा चुकीनंतरच्या दिवशी काय झाले याला मी जास्त महत्त्व देते, आणि म्हणून एवढे घडूनही मी हा वर्ग सोडलेला नाही. पालकांचे ओरडणे मात्र अजून तसेच आहे.

फलकाच्या खालच्या ओळीत 'स्वसंरक्षणाची हमी' असेही लिहिले आहे, ते काढून टाकावे अशी माझी सूचना आहे. ज्युदोत पकडायला जाड कापडाचा गी असतो, एकच प्रतिस्पर्धी असतो, पंच असतो आणि खाली मॅट असते. रस्त्यावर यांतले काहीही नसते. कोणतीही प्रामाणिक संस्था अशी हमी देऊ शकत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर वर्गाबाहेर ही विद्या मला एकदाच उपयोगी पडली, आणि तीही कोणाशी दोन हात करताना नव्हे. ओल्या जिन्यावरून पाय घसरला, हनुवटी आपोआप छातीला लागली, हात बाजूला आपटला, आणि उठून मी पुढे चालू लागले. तळहात दिवसभर झणझणत होता.

नव्याने सुरू करणाऱ्यांना, विशेषतः चाळिशीच्या पुढच्यांना आणि आधी कुठे दुखापत झालेल्यांना, मी हा वर्ग निःसंकोचपणे सुचवीन. स्पर्धेत पदक मिळवणे हेच ज्यांचे ध्येय आहे, त्यांना इथला सराव कदाचित कमी पडेल. पट्ट्याच्या परीक्षेची पद्धत मला आवडली : स्वतःचे डाव दाखवण्याबरोबरच दुसऱ्या परीक्षार्थीचा जोडीदार म्हणूनही उभे राहावे लागते, आणि त्याचेही गुण असतात. माझ्या गेल्या परीक्षेत माझ्यासमोर पहिल्यांदाच परीक्षा देणारी एक मुलगी होती. तिचे हात थरथरत होते, आणि माझ्या बाहीवरची तिची पकड इतकी घट्ट होती की तिची नखे पांढरी पडली होती. मी तिला फेकले, हात वर ओढला, ती आवाज करत नीट पडली आणि खालूनच माझ्याकडे पाहून हसली. मग तिची पाळी आली. डाव अर्धवट जमला, आम्ही दोघीही वेड्यावाकड्या खाली आलो, पण माझी बाही तिच्या मुठीतच होती. ती उत्तीर्ण झाली.

प्रवेश घेण्याआधी एक पूर्ण सत्र बसून पाहण्याची परवानगी हा वर्ग देतो, आणि ती जरूर घ्यावी. शक्य असेल तर स्पर्धेआधीच्या महिन्यात जावे, कारण तेव्हा वर्ग खरा कसा आहे ते लवकर कळते. कोण जिंकते इकडे लक्ष देऊ नये. फेकणाऱ्याचा डावा हात शेवटी वर जातो की उघडतो, ते पाहावे. दारातून आत गेल्यावर डावीकडे जो लांब बाक आहे, तिथून ते अगदी जवळून दिसते.